खोक्याची पुढची बाजू

वडलांचं बुटांचं दुकान होतं, त्यामुळे घरात दुसरं काही असो नसो, रिकाम्या खोक्यांना तोटा नव्हता. माळ्यावर खोकी, पलंगाखाली खोकी, आईचं शिवणाचं सामान खोक्यात आणि मांजरीची पिल्लंही खोक्यात. त्या घरातल्या दोन भावंडांनी या खोक्यांचे व्हिडिओ गेम केले. म्हणजे गेम नव्हेच, नुसती त्यांची खोकी. शेजारच्या दुकानात काचेच्या कपाटात खरे गेम मांडलेले असत, आणि ते दोघं तिथे नाक काचेला लावून उभे राहत. दुकानदार काच पुसून पुसून वैतागायचा. मग घरी येऊन दोघं स्वतःचे गेम काढायचे.

कामाची वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती कायमची. ताई बारा वर्षांची, चित्रकलेत हुशार. तिने पुढची बाजू रंगवायची. धाकटा सात वर्षांचा, तोंडाची टकळी कधी बंद न होणारा. त्याने मागची बाजू लिहायची. खेळ काय आहे, किती राक्षस आहेत, कसं जिंकायचं, सगळं. एका खोक्यामागे त्याने लिहिलं होतं: "या खेळात सात राक्षस आहेत. त्यातला सहावा चांगला आहे पण ते आत्ता सांगायचं नाही."

आणि एक नियम होता. तोही धाकट्याचाच. पुढे जे दाखवलंय ते मागे असलंच पाहिजे, नाहीतर खोकं परत! ताईने हौसेने आग ओकणारा ड्रॅगन काढावा आणि याने कमरेवर हात ठेवून म्हणावं, "ताई, या खेळात ड्रॅगन नाहीये."

"मग घाल ना."

"नाही घालता येत. तो राहणार कुठे?"

ती चिडायची, त्याला एक धपाटा घालायची, आणि मग मुकाट्याने ड्रॅगनवर पांढरा रंग फासून नवं चित्र काढायची. तिचं दुसऱ्या कुणापुढे काही चालत नसे असं नाही. याच्यापुढे चालत नसे.

तो स्वतः चित्र काढायचा ते गणिताच्या चौकटीच्या वहीत, एकेक चौकट पेन्सिलीने भरून. माणूस असो, झाड असो, सगळं ठिपक्यांचं. म्हणून त्याचं नाव ठिपक्या पडलं, आणि पुढे मिशा आल्या तरी ते काही सुटलं नाही.

ताई मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात शोकेस सजवायचं काम तिला मिळालं. पुतळ्यांना कपडे घालायचे, दिवे लावायचे, मग रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि तिकडून बघायचं. नव्या पोरींना ती शिकवायची, "गिऱ्हाईक थांबत नसतं, चालत असतं. त्याची तीन पावलं आपली. तेवढ्यात काय ते सांगा." या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठिपक्या मात्र आईवडलांच्या घरात राहिला, वरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. पोटापाण्यासाठी लोकांच्या वेबसाइट करून द्यायचा, आणि उरलेल्या वेळात एक गेम. जुन्या धर्तीचा, ठिपक्याठिपक्यांचा. अकरा वर्षं एकच गेम! वडील गेले, दुकान गेलं, तरी याचा गेम चालूच. "ठिपक्याचं काही पूर्ण होत नाही," हे घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. सगळ्यात जास्त वेळा ते ताईच म्हणाली होती.

दोन महिन्यांपूर्वी आई सकाळी चहा घेऊन वर गेली तर तो खुर्चीत बसलेला, आणि नव्हता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. सदतीस वर्षं वय.

तेव्हापासून आईने एकच धोशा लावला होता. रडणं नाही, काही नाही. फोन केला की एकच वाक्य. "त्याचा तो खेळ दुकानात लागलेला मला एकदा बघायचाय." शेवटी ताईने चार दिवसांची रजा टाकली आणि सहा तासांचा प्रवास करून घरी आली. गेम अर्धामुर्धा असणार हे ती धरूनच चालली होती. जेवढा आहे तेवढा नीट करून घेऊ, एखादं चित्र लावू, आईचं समाधान होईल. येताना सबंध रस्ता ती मनातल्या मनात त्याला रागावत होती.

पहिल्या दिवशी बाजा आला. बाजा म्हणजे ठिपक्याचा शाळेपासूनचा मित्र. धंदा जुने रेडिओ आणि कीबोर्ड दुरुस्त करायचा. गेममधले सगळे आवाज आणि सूर त्याचे, म्हणून ठिपक्याने ठेवलेलं हे नाव. स्वतः बाजा मात्र दिवसाकाठी वीस शब्द बोलला तर खूप. त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि इंटरनेटवरच्या त्या दुकानाचं पान उघडलं, जिथे जगभरातले लोक आपले गेम विकायला ठेवतात. गेम ठेवायच्या आधी काय काय भरून द्यावं लागतं त्याची यादी डावीकडे होती. पूर्ण झालेल्या बाबीपुढे हिरवी खूण.

ताईने यादी वाचली आणि चष्मा पुसून परत वाचली. गेमची फाइल, हिरवी. नाव, हिरवं. वर्णन, हिरवं. खेळातली दृश्यं, आवाज, वयोगट, सगळं हिरवं. एकच खूण लाल होती: मुख्य चित्र. त्याच्या जागी करड्या रंगाचा रिकामा चौकोन.

"हे काय? पूर्ण आहे?"

"हो," बाजा म्हणाला.

"कधीपासून?"

बाजाने नुसतं बोट दाखवलं. खाली तारीख होती. तीन वर्षांपूर्वीची.

"अरे, मग लावला का नाही? चित्र काय, कुणीही काढून दिलं असतं! तू सांगायचं नाहीस त्याला?"

"सांगितलं होतं." बाजा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी एकाकडून काढूनही आणलं होतं. चांगलं होतं. तो म्हणाला, नको. पुढची बाजू ताई काढते."

ताईला तीन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. लख्ख आठवला. ती शिडीवर होती, एका हातात पुतळ्याचा हात, खांद्याने फोन कानाला दाबलेला. ठिपक्या म्हणाला होता, "ताई, खोकं झालंय. फक्त पुढची बाजू राहिलीय." ती म्हणाली होती, "सीझन संपू दे रे बाबा, संपला की आलेच." तो हसला होता. का हसला ते तिने विचारलं नाही. वेळ कुठे होता! "चालेल, घाई नाही," म्हणाला होता तो. खोकं झालंय म्हणजे खरंच झालंय, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आणि दुकानात सीझन कधी संपतो? थंडीचे कपडे उतरले की उन्हाळ्याचे चढतात. त्यानंतर ती सहा वेळा घरी येऊन गेली होती. सहाही वेळा त्याने बॅग गाडीपर्यंत उचलून दिली, आणि एकदाही विषय काढला नाही.

"गाढवा," ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "एकदा आठवण तरी करून द्यायचीस." आणि मग तिला रडू आवरेना. बाजा उठून जिन्यात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती हट्टाने कामाला बसली. पहिलं चित्र तिने दुपारपर्यंत काढलं आणि त्यात जेवढं म्हणून मावेल तेवढं घातलं: उंच इमारत, वीज, काळे ढग, पायऱ्या, धावणारी मुलगी, शंभर खिडक्या. बाजाने ते कॉम्प्युटरवर चढवलं. दुकानाला एकच चित्र पाच आकारांत लागतं, सगळ्यात मोठं वहीएवढं आणि सगळ्यात लहान अंगठ्याच्या नखाएवढं. आणि बहुतेक लोक बघतात ते नखाएवढंच. बाजाने चित्र लहान केलं. वीज, ढग, मुलगी, सगळ्याचा एक मळकट डाग झाला.

ताईला स्वतःची लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांना तीन पावलांचा धडा दिला आणि भावाच्या वेळी आपणच शोकेस कोंबून भरली. "मी खेळ बघितलाच नाहीये अजून," ती म्हणाली. "न बघता पुढची बाजू काढतेय मी. त्याने खोकं परत केलं असतं."

मग ती खेळायला बसली. खेळाचं नाव होतं 'आलेच'. अंधाऱ्या उंच इमारतीच्या तळाशी एक मुलगी, पाठीवर तिचा लहान भाऊ. मुलगी सोळा ठिपके उंच, केसात रिबिनीचा एक लाल ठिपका. भाऊ पाठीवर असला की तिला उंच उडी मारता येत नाही. म्हणून दुसरं बटण दाबायचं. मग ती त्याला खाली ठेवते, उडी मारून वरचं दार उघडते, आणि परत येऊन त्याला उचलते. प्रत्येक मजल्यावर त्याला बसवायला एक ठरलेली जागा होती. ताईने चष्मा कपाळावर ढकलून डोळे पडद्याजवळ नेले. ते बुटाचं खोकं होतं. आणि त्याला बसवताना दर वेळी मुलीच्या डोक्यावर एक शब्द उमटायचा: आलेच!

ताईला वडलांचं दुकान दिसलं. शाळा सुटली की धाकट्याला सांभाळायचं काम तिचं. आणि मैत्रिणी कोपऱ्यावर हाका मारत असायच्या. ती त्याला दुकानाच्या दारात एका खोक्यावर बसवायची, "हलू नकोस, आलेच" म्हणायची आणि धूम ठोकायची. कधी अर्ध्या तासाने यायची, कधी अंधार पडता. तो तिथेच असायचा. चार-पाच वर्षांचं पोर, तिने कधी विचारही केला नव्हता की त्याच्या ते लक्षात राहील.

तिचे हात काही या कामाचे नव्हते. ती पडत होती, धडपडत होती, बाजा "डावीकडे, डावीकडे" करत होता. कसंबसं दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं आणि त्या आनंदात ती तशीच वर निघाली. तिसरा मजला, चौथा मजला. एकटीने उड्या चांगल्या जमत होत्या! पाचव्या मजल्यावर तिच्या लक्षात आलं.

"अरे बाजा! मी त्याला खालीच विसरले."

"खूप जण विसरतात."

"मग? गुण जातात? काय होतं?"

"काही नाही. फक्त सगळ्यात वरच्या दाराला दोघं लागतात. तेव्हा आठवतं लोकांना."

"आणि तोवर तो?"

"बसतो."

ताईने बटणं सोडली. तिने खेळ तसाच ठेवला आणि पुन्हा कागद ओढला, कारण आता तिला चित्र सुचलं होतं. मुलगी झेप घेतेय, पाठीवर भाऊ, दोघं हसताहेत, मागे पिवळा उजेड. हे नखाएवढं केलं तरी लख्ख दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ण झालं. आईला वर आणून दाखवलं. आईने बराच वेळ बघितलं.

"तूच आहेस ही."

"हो."

"छान काढलंस. किती हौसेने नेते आहेस त्याला," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत खाली गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ताईला तो लागला तो लागलाच.

बाजा म्हणाला, "हे चालेल. लोक थांबतील." बाजाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. त्याने चित्र चढवलंसुद्धा. लाल खूण हिरवी झाली. आता एक बटण दाबलं की संपलं. ताईचं बोट त्या बटणावर येऊन थांबलं.

"मागची बाजू वाच," ती म्हणाली. इतके दिवस त्याने लिहिलेलं वर्णन वाचायचा तिला धीर झाला नव्हता.

बाजाने घसा साफ केला आणि रेडिओच्या भागांचे नंबर वाचावेत तसं सरळ वाचलं.

"'हा जुन्या पद्धतीचा छोटा खेळ आहे. दोन बटणं आहेत. एकाने भावाला उचलायचं, एकाने खाली ठेवायचं. खाली ठेवलंत तर वाईट वाटून घेऊ नका. ठेवल्याशिवाय वर जाता येत नाही. तुम्ही वर काय काय बघितलं ते त्याला आल्यावर सांगा. तो बसून राहील. त्याला घाई नाही.'"

ताईने बटणावरचं बोट काढून घेतलं.

"बाजा," ती म्हणाली, "तो किती वेळ बसतो? म्हणजे खेळात. कधीतरी उठत असेल ना? कंटाळून?"

"मीही विचारलं होतं. मग स्वतः प्रोग्राम उघडून बघितला, ठिपक्याने लिहिलेला. थोड्या वेळाने तो पाय हलवतो. नंतर डुलकी काढतो. उठायचं त्याने लिहिलेलंच नाही."

ताईने झेप घेणाऱ्या मुलीचं चित्र काढून टाकलं. खूण परत लाल झाली. "पुढे आहे ते मागे नाही," तिने बाजाला सांगितलं. "खेळात त्याला पाठीवर घेऊन तिला अशी झेप घेताच येत नाही."

तिने ठिपक्याच्या कपाटातून चौकटीची वही काढली, त्याचीच बोथट पेन्सिल घेतली, आणि एकेक चौकट भरायला लागली. ती कधीच असं काढायची नाही. तिला मोठ्या ब्रशची सवय. बोटं आखडली. मधे बुटाचं खोकं, त्यावर अकरा ठिपक्यांचा मुलगा, पाय लोंबकळत. बाकी सगळा कागद काळोखाचा, अगदी रिकामा. आणि उजव्या कडेला, चित्रातून बाहेर पडता पडता, रिबिनीचा एक लाल ठिपका. वर नाव: आलेच. बाजाने ते रंगांत उतरवलं आणि नखाएवढं केलं. ताई खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि तिथून बघितलं. मुलगा दिसत होता. लाल ठिपकाही दिसत होता. याहून जास्त काही सांगायचं नव्हतं.

तिने बटण दाबलं. आठवड्याभरात तो गेम दुकानात लागला, आईने तो बाजाच्या फोनवर बघितला, आणि पहिल्या महिन्यात एकोणीस जणांनी तो घेतला. त्यातल्या एकाने, कुठल्या देशातला कोण जाणे, खाली लिहिलं होतं की चित्र बघूनच थांबलो. पण हे सगळं नंतरचं.

चौथ्या दिवशी दुपारी तिची गाडी होती. बॅग भरून आईने ती जिन्याच्या खालच्या पायरीवर आणून ठेवली होती. ताई बाजाबरोबर वर कॉम्प्युटर बंद करायला गेली, तर परवाचा खेळ मागे तसाच चालू होता. मुलगी पाचव्या मजल्यावर उभी, आणि भाऊ दुसऱ्यावर.

"बंद केला तर?" तिने विचारलं.

"आहे तिथे राहतो," बाजा म्हणाला. "पुन्हा उघडला की तिथूनच. काही बिघडत नाही, ताई. तुमची गाडी आहे."

ताईने बॅगेचा विचार केला, गाडीचा केला, उद्या सकाळी उतरवायच्या पुतळ्यांचा केला. मग खुर्ची ओढली आणि बसली.

खाली उतरणं वर चढण्यापेक्षा अवघड होतं. चौथ्या मजल्यावर ती तीनदा पडली. बाजा मदतीला पुढे झाला तर तिने त्याचा हात बाजूला केला. तिसऱ्या मजल्यावरची एक पायरी काही केल्या जमेना. कपाळावर घाम आला, दातांत ओठ धरून ती एकच उडी पुन्हा पुन्हा मारत राहिली. शेवटी दुसरा मजला आला. कोपऱ्यात खोकं होतं. मुलगा त्यावर मान टाकून झोपला होता.

ती जवळ गेली तसा तो जागा झाला. रुसला नाही, विचारलं नाही. त्याने फक्त दोन्ही हात वर केले, इकडे एक ठिपका आणि तिकडे एक ठिपका, उचल म्हणून. ताईला ते पहिलं बटण दिसेना, डोळे इतके भरले होते. तिने चाचपून ते शोधलं आणि दाबलं.

"अगं, निघतेस ना?" खालून आईची हाक आली. "गाडी चुकेल!"

तीस वर्षांच्या सवयीने तो शब्द ताईच्या जिभेवर आला. तिने तो गिळला. खेळ बंद केला, जिना उतरून खाली आली. आई खालच्या पायरीवर बसली होती, बॅग मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून. किती वेळ बसली होती कोण जाणे.

ताईने तिच्या मांडीवरची बॅग उचलून आत नेऊन ठेवली आणि येऊन तिच्याशेजारी बसली.

"अगं, गाडी?"

"जाऊ दे आज," ताई म्हणाली.